प्रतिकृती-विमान : लाकूड, तोल आणि पडताळा

(पापनाशम येथे विद्यार्थी, शिक्षक आणि तंजावर-मराठी कुटुंबे यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लाकडी संचापासून मोठे, रेडिओने चालणारे प्रतिकृती-विमान कसे तयार करतात, हा आजचा विषय आहे. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आणि व्यवसाय भाषांतराचा. तेव्हा ह्या विषयावर मी बोलावे याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु तांत्रिक मजकुराचे भाषांतर करणाऱ्यास प्रत्येक शब्दामागची वस्तू पाहावीच लागते. ‘फासळी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ती फासळी कशाला टेकते आणि तिच्यावर कोणता भार येतो, हे समजून घ्यावे लागते. असे समजून घेता घेता ह्या छंदाविषयी माझे एक मत बनले, ते आरंभीच सांगतो. आपण केलेल्या कामाचा पडताळा आपणच घ्यावा, ही सवय लावणारी ही एक उत्तम शाळा आहे. आणि अशा शाळेची आपणा सर्वांना, विशेषतः मराठी भाषकांना, फार गरज आहे. असे का म्हणतो, ते पुढे येईलच.

पापनाशमच्या आसपासचा हा मुलूख हस्तकौशल्यात कधीच मागे नव्हता. जवळच स्वामिमलै येथे मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतण्याची परंपरा आजही चालू आहे. तंजावरात फणसाच्या लाकडाची वीणा घडते. पाणथळ जागी वाढणाऱ्या नेट्टी नावाच्या वनस्पतीच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्यापासून येथील कारागीर बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्रतिकृती करतात. ह्या कामास २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात आपण अशाच गाभ्याला भेंड म्हणतो आणि लग्नातली बाशिंगे व फुले त्यापासून करतो. विद्येच्या बाबतीतही ही भूमी मागे नव्हती. दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७७७–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालवला आणि इसापाच्या कथांचे ‘बाळबोध मुक्तावळी’ हे मराठी भाषांतर त्यात छापवले. भाषांतरकाराला ह्या गावी संकोच वाटू नये, याला एवढे कारण पुरेसे आहे.

भेंडाचे मंदिर आणि लाकडाचे विमान ह्या दोन प्रतिकृतींत मात्र एक मोठा फरक आहे. मंदिराची परीक्षा डोळा घेतो. कळस, गोपुर, नंदी जागच्या जागी दिसले की काम पुरे झाले. विमानाची परीक्षा वारा घेतो, आणि वाऱ्याला रंग दिसत नाही. त्याला फक्त वजन, आकार आणि तोल कळतो. आपल्याकडे तमिळ भाषेत एक म्हण आहे : आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. म्हण खरीच आहे. जोर पुरेसा असला की दगडही उडेल. पण उडालेला पाटा कोठे पडेल हे कोणी सांगू शकत नाही. उडवलेली वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वळावी, आणि शाबूत परत यावी, ही खरी कठीण गोष्ट होय.

आता ‘मोठे’ विमान म्हणजे किती मोठे, ते पाहू. त्यासाठी एक आपल्याच घरचे उदाहरण घेतो. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडच्या भागात १९०८ साली जन्मलेले अभियंते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि नंतर बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात भारतीय विमानांच्या आरेखनाचा पाया घातला. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले. त्यानंतर १९५८ मध्ये उडाले ते ‘पुष्पक’ : दोन आसनांचे, वरच्या बाजूस पंख असलेले, कापडाने मढवलेले साधे विमान. भारतातील फ्लाइंग क्लबांमध्ये वैमानिकांच्या कित्येक तुकड्या ह्या पुष्पकावर शिकल्या. पुष्पकाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर आणि भरलेले वजन सुमारे ६०० किलोग्रॅम होते.

ह्या विमानाची पाव-प्रमाणातील प्रतिकृती करावयाची असे समजू. लांबी चौथ्या हिश्श्याने घटली की पंखविस्तार २.७५ मीटर होतो. म्हणजे साध्या खोलीत हे विमान तिरपे ठेवूनच मावेल. क्षेत्रफळ चाराच्या वर्गाने, म्हणजे सोळा पटींनी घटते. ते एक चौरस मीटर उरते. वजन मात्र चाराच्या घनाने, म्हणजे चौसष्ट पटींनी घटावयास हवे. ते साडेनऊ किलोच्या आतबाहेर येते. याचा अर्थ असा की मूळ विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३७ किलोंच्या आसपास भार होता, प्रतिकृतीत तो साडेनऊ किलोंवर येतो. भार चौथाई झाला की विमान तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग निम्मा होतो. मोठी प्रतिकृती संथ आणि डौलदार उडते, ती ह्या हिशेबामुळे.

परंतु हा हिशेब वजन पाळले तरच खरा ठरतो. बांधणाऱ्याने येथे थोडा जास्त सरस ओतला, तेथे जाड फळी लावली, रंगाचे दोन थर अधिक दिले, आणि साडेनऊ किलोंचे विमान बारा किलोंचे झाले, तर त्याचा किमान वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. उतरताना धावपट्टीही त्याला सुमारे सव्वापट लागते. विमान दिसते तसेच, पण त्याची वागणूक बदललेली असते. म्हणून अनुभवी बांधकऱ्याच्या टेबलावर करवतीच्या शेजारी तराजू असतो, आणि प्रत्येक भागाचे वजन तो वहीत लिहून ठेवतो. वाण्याने उधारीची वही ठेवावी तशीच ही ग्रॅमांची वही. वाण्याला थकबाकी वर्षअखेर कळते. बांधकऱ्याला ती पहिल्या उड्डाणात कळते.

आता संचाकडे वळू. खोके उघडले की आत बाल्सा लाकडाच्या फळ्या आणि पट्ट्या, प्लायवुडचे कापलेले तुकडे, तारेचे वाकवलेले पाय, काही स्क्रू आणि पूर्ण आकाराचे नकाशे असतात. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड. व्यापारी बाल्सा मुख्यतः इक्वादोर देशातून येतो. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ मध्ये थोर हायरडाल यांनी पेरूपासून पॉलिनेशियापर्यंत जो ‘कॉन-टिकी’ तराफा नेला, तो ह्याच लाकडाचा होता. आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या भिंतींत दोन प्लायवुडांच्या मध्ये बाल्साच भरलेला होता. एक घनमीटर सागवान साधारण साडेसहाशे किलो भरते. तितकाच बाल्सा साधारण १६० किलो. पण झाडागणिक आणि फळीगणिक हा आकडा १०० पासून २५० पर्यंत हलतो. म्हणून पहिले काम चिकटवण्याचे नसून निवडण्याचे असते. सगळ्या फळ्या तोलून त्यांच्यावर पेन्सिलीने वजन लिहावे. जड आणि चिवट फळ्या विमानाच्या पुढच्या भागाला आणि पंखाच्या मुळाशी, हलक्या फळ्या शेपटीला आणि पंखांच्या टोकांना द्याव्यात.

भागांची नावेही येथेच सांगून ठेवतो. विमानाचे धड उभ्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या यांचे बनते. बैलगाडीच्या साटीची आठवण ठेवली तर ही रचना लगेच कळते. पंखात लांबीच्या दिशेने जाणारी मुख्य पट्टी असते, तिला वासा म्हणावे. छपराचा वासा जसा कौलांचा भार भिंतीवर नेतो, तसा पंखाचा वासा पंखाचा भार धडावर नेतो. वाशाला आडव्या बसवतात त्या फासळ्या. फासळीचा वरचा कंगोरा फुगीर आणि खालचा जवळजवळ सपाट असतो. पंखाला आकार तीच देते. शेपटीच्या आडव्या भागाला जी हलती झडप असते ती एलिव्हेटर. तिने विमानाचे नाक वर-खाली होते. उभ्या भागाची झडप म्हणजे सुकाणू, इंग्रजीत रडर. पंखांच्या टोकांजवळच्या दोन झडपांना एलेरॉन म्हणतात. एक वर गेली की दुसरी खाली जाते आणि विमान कुशीवर कलते. एवढे शब्द आले की नकाशा वाचता येतो.

बांधणीला आरंभ होतो तो सपाट फळीपासून. ही फळी खरोखर सपाट आहे की नाही, हे पोलादी पट्टी धरून पाहावे. कारण तिच्यावर नकाशा पसरून, त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद घालून, टाचण्यांनी लाकूड धरून पंख जोडावयाचा असतो. फळीला पीळ असेल तर तो पंखात उतरतो. डावा आणि उजवा पंख यांच्यात एखाद्या अंशाचा पीळ कमी-जास्त राहिला, तरी विमान एका कुशीकडे ओढ घेते. दोन्ही पंखांत एक ठरवलेला पीळ मात्र पुष्कळदा मुद्दाम देतात : टोकाकडे पंखाचा पुढचा काठ किंचित खाली ठेवतात. वेग कमी झाला तर टोकांच्या आधी पंखाचे मूळ आपली पकड सोडते आणि विमान एकदम कुशीवर कोसळण्याऐवजी नाक खाली घालून सावरते. मुद्दाम दिलेला पीळ आणि नकळत राहिलेला पीळ डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून सुताराचा गुण्या, ओळंबा आणि कोनमापक ही येथे रंधा-पटाशीइतकीच महत्त्वाची हत्यारे आहेत.

कावेरीच्या ह्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे हवेतील दमटपणा. बाल्सा पाणी पितो आणि वाकतो. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत फळ्या उभ्या टेकवून ठेवू नयेत. सपाट पृष्ठावर वजनाखाली, कोरड्या जागी ठेवाव्यात. सरस वाळेपर्यंत घाई करू नये. क्षणात चिकटणारे सायनोअॅक्रिलेट सोयीचे असले, तरी पंखाचा वासा, पायांच्या बैठका आणि एंजिनाची भिंत यांना सावकाश घट्ट होणारा इपॉक्सीच द्यावा. चौकट-फासळ्यांच्या खाचा एकमेकींत हलक्या दाबाने बसल्या पाहिजेत. ढिली खाच सरसाने भरून काढणे म्हणजे सांध्याऐवजी सरसावर विसंबणे होय.

आता तोलाचा प्रश्न. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान यावा लागतो. आपल्या उदाहरणातील पंख सरासरी ३७ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे पुढच्या काठापासून साधारण ९ ते १२ सेंटिमीटरवर. तो मागे गेला तर विमान चंचल होते, आणि फारच मागे गेला तर कोणाच्याही हाताला दाद देत नाही. शेपूट ह्या बिंदूपासून लांब आहे आणि नाक जवळ आहे. साधारण तिप्पट अंतराचा फरक धरा. तराजूचा नियम सर्वांना ठाऊक आहे : शेपटीत एक ग्रॅम अधिक गेला की नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. शेपटीवर पन्नास ग्रॅमांची हौस केली की नाकात दीडशे ग्रॅम शिसे येते, आणि दोनशे ग्रॅमांचा बोजा विमान जन्मभर वाहते. प्रतिकृती-विमानाच्या बांधणीत शेपूट हलकी ठेवणे हा पहिला धर्म मानतात, तो यासाठीच.

सांगाडा पुरा झाला की तो काचकागदाने घासून गुळगुळीत करतात आणि वर आच्छादन चढवतात. पूर्वी रेशीम किंवा पातळ कागद लावून त्यावर डोप नावाचे वार्निशासारखे द्रव्य देत; ते वाळले की कापड ढोलकीच्या कातड्यासारखे ताणले जाई. आज उष्णतेने आकसणारे पॉलिएस्टरचे कापड किंवा पातळ पापुद्रा कपड्यांच्या इस्त्रीसारख्या छोट्या इस्त्रीने चिकटवतात. ताण दोन्ही बाजूंनी सारखा पडला नाही तर येथेही पंखास पीळ पडतो. त्यामुळे आच्छादनानंतर प्रत्येक कोन पुन्हा मोजावयाचा असतो.

यानंतर येते ते रेडिओचे अंग. बिनतारी लहरींनी दूरची वस्तू चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एक छोटी बोट अशी चालवून दाखवली होती. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड ह्या बंधूंचे नाव घ्यावे लागते. आठ फूट पंखविस्ताराचे त्यांचे ‘गफ’ हे लाकडी विमान १९३७ मध्ये रेडिओच्या आज्ञेने उडाले; पुढे ते स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. त्या काळी ग्राहक-यंत्रात काचेच्या नळ्या आणि जड विद्युत्-घट असत. मोठे विमान तेव्हा हौसेखातर नव्हे तर रेडिओचे ओझे वाहण्यासाठी मोठे करावे लागे.

आजची व्यवस्था अशी असते. हातातील प्रक्षेपकाच्या दांड्या हलवल्या की विमानातील ग्राहकाला संदेश मिळतो आणि तो सर्व्हो नावाच्या लहान मोटरपेट्यांना आज्ञा देतो. आज्ञेची भाषा अगदी साधी आहे : दीड सहस्रांश सेकंदाचा विजेचा ठोका म्हणजे मध्यावर राहा, ठोका एक सहस्रांशापर्यंत आखडला तर एका बाजूस, दोन सहस्रांशांपर्यंत लांबला तर दुसऱ्या बाजूस वळा. जुन्या पद्धतीत असा ठोका सेकंदाला पन्नास वेळा येई. पूर्वी दोघांचे प्रक्षेपक एकाच कंपनसंख्येवर असले तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याचे विमान कोसळत असे. म्हणून मैदानावर कंपनसंख्यांच्या खुणा लावलेला फलक ठेवीत, आणि ज्याच्या हाती खूण त्यानेच प्रक्षेपक सुरू करावा असा दंडक होता. आता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील यंत्रे आपल्याच प्रक्षेपकाला ओळखतात, त्यामुळे ती अडचण बहुतांशी संपली. परंतु सुटलेली तार आणि उतरलेला विद्युत्-घट यांच्यावर कोणत्याही कंपनसंख्येचा उपाय चालत नाही. मोठ्या विमानात म्हणूनच दोन स्वतंत्र विद्युत्-घट ठेवतात, आणि संदेश तुटला तर एंजिन आपोआप बंद पडेल अशी योजना करतात.

येथे धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. साडेनऊ किलोंचे विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्याचा आघात तेवढ्याच वजनाची वस्तू २५ मीटरांवरून, म्हणजे सुमारे आठ मजली इमारतीच्या माथ्यावरून, पडण्याइतका असतो. समोर फिरणारा पंखा वेगळाच. असे विमान माणसावर गेले तर माणूस मरू शकतो. म्हणून उड्डाणापूर्वीचा पडताळा ही औपचारिकता नाही. प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून, ठरावीक पावले दूर जाऊन, आज्ञा पोहोचतात की नाही ते पाहावे. विमानाच्या मागे उभे राहून उजवीकडे दांडी दाबावी : उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, डावा खाली. एलेरॉनची तार उलट बाजूस जोडली गेली तर उजवीकडे वळा म्हटल्यावर विमान डावीकडे कलते. घाबरून दांडी आणखी उजवीकडे दाबली की ते अधिकच डावीकडे जाते. जमिनीवर पाच सेकंदांत दिसणारा हा दोष हवेत सावरायला पाच सेकंदही देत नाही. आणखी एक चांगली रीत आहे : ज्याने विमान बांधले नाही अशा माणसाकडून ते तपासून घ्यावे. बांधणाऱ्याच्या डोळ्याला आपला सांधा सरळच दिसतो. भाषांतरातही मूळ ग्रंथ शेजारी ठेवून दुसऱ्याने वाचल्याशिवाय हस्तलिखित छापायला देऊ नये म्हणतात, ते याच कारणाने.

कायद्याचेही भान हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांत प्रतिकृती-विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे : शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी वापरलेले, एकूण २५ किलोंपेक्षा जड नसलेले आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यातच राहणारे. शासनाने आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे विभाग केले असून ते नकाशावर दाखवले आहेत. आपल्या शेजारी तंजावरला वायुदलाचा तळ आहे. २०२० पासून तेथे सुखोई विमानांचे पथक आहे. तेव्हा संबा भाताची कापणी झाल्यावर रिकामे, कोरडे शेत कितीही मोहक वाटले, तरी आधी तो नकाशा पाहावा, आवश्यक ती परवानगी घ्यावी आणि मगच विमान बाहेर काढावे. रस्ता, वीजवाहिनी आणि माणसांची वस्ती यांपासून दूर जावे, आणि बघ्यांना नेहमी वैमानिकाच्या पाठीमागे उभे करावे.

आरंभी मी म्हटले होते की ह्या शाळेची मराठी भाषकांना विशेष गरज आहे. त्याचे कारण आता सांगतो. शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव मराठी मनाला प्रिय आहे. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा नाही. ह्या कथेला आधार म्हणून ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा उल्लेख होतो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासणी केली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे त्यांना दिसून आले. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. आकृत्या घेतल्या, वजने आणि आकार पाहिले, उड्डाणाचे नियम लावले आणि आकडे बोलू दिले. वही, तराजू आणि गुण्या घेऊन बसलेला प्रतिकृती-विमानाचा बांधकरी लहान प्रमाणात हेच करीत असतो.

तळपदे यांच्या जिज्ञासेचा आदर करण्यास कोणाची हरकत नाही. पण ज्या समाजाला अभिमानासाठी नाव हवे आहे, त्याला घाटगे यांचे नाव जास्त माहीत असावयास हवे होते. त्यांच्या विमानांचे आराखडे आहेत, तारखा आहेत, त्यांवर शिकलेली माणसे आहेत. आपल्या घरांतून मात्र चौपाटीची कथा जितक्या वेळा सांगितली जाते, त्याच्या शतांशानेही पुष्पकाची सांगितली जात नाही. हे असे होते, कारण कथा ऐकायला सोपी असते आणि आराखडा वाचायला शिकावा लागतो. ज्या मुलाने स्वतः फासळ्या कापल्या, शेपटीचे ग्रॅम मोजले आणि विमान उडताना पाहिले, त्याला हवेत उडालेल्या यंत्राची कथा सांगितली की तो साहजिकच विचारील : त्याचे वजन किती होते? एंजिन किती शक्तीचे? गुरुत्वमध्य कोठे? हा उद्धटपणा नाही. ही समज आहे, आणि ती व्याख्यानांनी येत नाही, लाकूड हाती घेतल्याने येते.

काळजीपूर्वक बांधलेले लाकडी विमान कोठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील मेनार्ड हिल यांनी उतारवयात प्रतिकृती-विमान अटलांटिक महासागरापार नेण्याचे ठरवले. विक्रमाच्या नियमांप्रमाणे इंधनासह वजन पाच किलोंच्या आत ठेवावे लागे. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. लाकूड ते बोटांनी चाचपून बांधीत. आधीचे प्रयत्न फसले, विमाने गेली. प्रत्येक वेळी कारण शोधून पुढचे बांधले. ऑगस्ट २००३ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडहून सोडलेले टॅम-५ हे बाल्साचे विमान उपग्रहांच्या आधारे दिशा धरून ३८ तास ५२ मिनिटांत सुमारे ३,००० किलोमीटर उडाले आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हा टाकीत अगदी थोडे इंधन शिल्लक होते. बांधताना कोठे पन्नास ग्रॅमांची ढिलाई झाली असती तर तेवढे इंधन कमी घ्यावे लागले असते, आणि ते विमान किनारा दिसण्याआधीच समुद्रात गेले असते.

शेवटी, कोठून आरंभ करावा हे सांगून थांबतो. पाव-प्रमाणाच्या संचापासून कोणीही आरंभ करू नये. प्रथम हाताने फेकण्याचे बाल्साचे ग्लायडर करावे. ते सरळ जाईपर्यंत नाकाला थोडीथोडी माती लावून पाहावी. गुरुत्वमध्याचा सारा धडा तेथेच मिळतो. मग रबराच्या पिळावर उडणारे, मग दीड मीटरचे रेडिओचे शिकाऊ विमान, आणि तेही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. राष्ट्रीय छात्रसेनेची वायुदल शाखा १९५० मध्ये निघाली. एरोमॉडेलिंग हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांत ती शाखा आहे त्यांना हा मार्ग मोकळा आहे. मोठा संच एकट्याने घेण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून घ्यावा. त्याला महिने लागतात, आणि पैसाही बराच लागतो. भेंडाचे काम करणारा, वीणा घडवणारा किंवा साधा सुतार आपल्या शेजारी असेल तर त्याला बोलवावे. हलके लाकूड कसे धरावे, धार कशी लावावी आणि तंतूंच्या दिशेने कसे कापावे, हे त्याच्याइतके चांगले कोणत्याही पुस्तिकेत नसते. मुलांनी त्याला नकाशा वाचून दाखवावा, त्याने मुलांना हात शिकवावा.

वहीचे एक पान मात्र पहिल्या दिवसापासून राखून ठेवावे. त्यावर भागाचे नाव, ठरलेले वजन आणि प्रत्यक्ष भरलेले वजन असे तीन रकाने आखावेत. तिसरा रकाना खरा लिहिला, तर बाकीचे विमान आपोआप शिकवीत जाते.